गाळ बसेपर्यंत

मंगळवारी सकाळी सात वाजता मनाली घरत केंद्राचं फाटक ढकलून आत आली आणि चार पावलांवरच थांबली. वास वेगळा होता.

सांडपाण्याचं केंद्र म्हटलं की घाण वास येणारच, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. टाकी नीट चालत असेल तर ओल्या मातीचा वास येतो. डोंगरीच्या उताराखालच्या या छोट्या केंद्रात मनाली सहा वर्षं ऑपरेटर होती. रसायनशास्त्रात बीएस्सी होऊन इथे लागली तेव्हा सासरच्या आळीत सगळे हसले होते. पण तिला हे काम आवडायचं. वरच्या वाड्यांमधल्या चारशे घरांचं पाणी उतारावरून आपल्या पायाने खाली यायचं, चाळणीतून जायचं, मग मोठ्या टाकीत शिरायचं. तिथे ब्लोअर खालून हवा सोडायचे आणि त्या हवेवर जगणारे कोट्यवधी जिवाणू, केंद्राच्या भाषेत ‘कल्चर’, पाण्यातली घाण खाऊन टाकायचे. शेवटी निवळलेलं पाणी नाल्यात जायचं, आणि नाला पुढे कोळ्यांच्या होड्या लागतात तिथे.

आज मातीचा वास नव्हता. सडक्या अंड्यांचा होता.

ती टाकीच्या कठड्यापाशी गेली. रोज गुळाच्या चहासारखं तपकिरी दिसणारं पाणी राखाडी पडलं होतं आणि वर पांढऱ्या फेसाचा थर आला होता. तिने एक लिटरचा काचेचा सिलिंडर भरून टेबलावर ठेवला आणि घड्याळ लावलं. एरवी अर्ध्या तासात गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. पाऊण तास झाला तरी सिलिंडर वरपासून खालपर्यंत गढूळच. मग तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. या टाकीत देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे बारीक जीव असायचे. ते दिसले की टाकी ठीक आहे असं समजायचं. आज घंटा होत्या, पण एकही हलत नव्हती.

तिने योगेंद्र सरांना फोन लावला. सर महापालिकेत कनिष्ठ अभियंता होते आणि अशी तीन केंद्रं त्यांच्याकडे होती.

"सर, कल्चर मेलंय."

"मेलंय म्हणजे? थोडं डाउन आहे की पूर्ण गेलंय?"

"पूर्ण वाटतंय."

मग सरांनी विचारलं, "ब्लोअर बंद राहिला होता का, मॅडम? रविवारी तुमच्याकडे लाइट गेली होती ना?"

"रजिस्टरमध्ये चालू केल्याची नोंद आहे, सर," ती म्हणाली.

नोंद होती. तिच्याच अक्षरात. पण रविवारी दुपारी नेमकं काय झालं होतं ते तिला आठवत नव्हतं. दोन ते तीन लाइट गेली होती. ब्लोअर आपोआप सुरू होत नाही, लाइट आल्यावर पॅनलपाशी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. ती पॅनलपाशी गेली होती, बटणावर हात ठेवला होता, हे पक्कं आठवत होतं. तेवढ्यात फोन वाजला. परेश, तिचा नवरा, घाबऱ्या आवाजात सांगत होता की चांदणीला ताप चढलाय, एकशे तीन आहे. नऊ वर्षांची पोर. मनालीने रजिस्टरवर खूण केली, पिशवी उचलली आणि चारला येणाऱ्या बाळाकाकांची वाट न बघता तासभर आधीच निघून गेली. सोमवारी तिची सुट्टी. तो सगळा दिवस चांदणीला डॉक्टरकडे नेण्याआणण्यात गेला. ताप उतरला. आणि आज हे.

बटण दाबलं होतं का? जितकं आठवायला जावं तितकं ते पुसट होत होतं.

सर दहा वाजता आले. त्यांनी टाकी पाहिली, शर्टाची बाही नाकाला लावली आणि आधी नाल्याचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. "हे पाणी होड्यांपर्यंत जायला नको. वरून येणारं जेवढं मावतं तेवढं पहिल्या टाकीत साठवा, बाकीचं टँकरने मोठ्या प्लांटला पाठवू. पुढच्या गुरुवारी सॅम्पल घ्यायला बाहेरचे लोक येतायत, माहिताय ना?"

"माहिताय."

"कारण शोधा, मॅडम. कारण कळल्याशिवाय नवीन कल्चर घालून उपयोग नाही. तेही मरेल."

ते रागावले नव्हते, आणि म्हणूनच मनालीला जास्त वाईट वाटलं.

बाळाकाका त्या दिवशी दुपारी आले. साठीला टेकलेला माणूस, तरुणपणी मिठागरात काम केलेला, पायांच्या टाचा अजून भेगाळलेल्या. दुपारची आणि संध्याकाळची पाळी तेच बघायचे आणि मनालीच्या सुट्टीला दिवसभरही तेच असायचे. टाकीकडे बघून ते नुसतं "अरे देवा" म्हणाले आणि चाळणी साफ करायला निघून गेले. एरवी ते दर पाच मिनिटांनी काहीतरी सांगायचे. त्या दिवशी गप्पच होते. मनालीला वाटलं, यांना कळलंय. रविवारी चारला आले तेव्हा ब्लोअर बंद सापडला असणार आणि माझी लाज राखायला हे बोलत नाहीयेत.

विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही.

बुधवारी वास वरच्या आळीपर्यंत गेला. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिची सासू कृष्णाबाई ओट्यावरच बसलेली. पदर नाकाला.

"काय गो, तुज्या त्या कारखान्याचा काय वास सुटलाय! आमी बायका मागे काम करतो, डोकं उठलं सगल्यांचं."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कृष्णाबाईंचा बचत गट चालायचा. अकरा बायका मिळून फिनेल बनवायच्या आणि शांती नगरच्या सोसायट्यांना पुरवायच्या. घरात त्या फिनेलचा वास इतका मुरला होता की मनालीला आता तो येतच नसे.

"आई, टाकी बिघडलीय. होईल नीट," ती म्हणाली.

"कोनी बिघडवली?"

मनालीने ताट वाढून घेतलं आणि अर्ध्यावर सारलं. परेश वरसाव्याच्या हॉटेलात स्टोअर सांभाळायचा, त्याला यायला वेळ होता. चांदणी शेजारी बसून गृहपाठ करत होती, बरी झाली होती, पेन्सिल चावत होती. मनालीला वाटलं, उद्या सरांनी पुन्हा विचारलं तर काय सांगू? आठवत नाही म्हणून सांगू? सहा वर्षांच्या नोकरीत तिने खोटी नोंद कधी केली नव्हती. आणि ही खोटी आहे की खरी, तेही तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी बाळाकाका आले तेव्हा ती फाटकापाशीच उभी होती. दोन रात्री झोप नव्हती. आता आणखी ओझं वाहायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"काका, एक विचारू? खरं सांगा. रविवारी चारला तुम्ही आलात तेव्हा ब्लोअर चालू होते का बंद?"

"चालू व्हते की."

"नक्की?"

"आगं, फाटकातनं आत आलो तवाच आवाज. दोन्ही चालू. तू लवकर गेलीस म्हनून मी आधी तेच बघितलं. टाकीत बुडबुडे पन झ्याक येत व्हते."

मनाली तिथल्या सिमेंटच्या पायरीवर बसली. तिने बटण दाबलं होतं. फोन कानाला लावून, डोकं घरी असताना, हाताने आपलं काम केलं होतं. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून तिने ओढणीने तोंड पुसलं.

"मला दोन दिवस वाटतंय की मीच मारलं हे सगळं," ती म्हणाली.

काका तिच्यासमोर उकिडवे बसले. जमिनीवर बोटाने रेघा ओढू लागले. मग म्हणाले, "तू न्हाय गो. मी."

"म्हणजे?"

"सोमवारी साडेधा-अकराला वरनं पांढरं पानी आलं. दुधावानी. चांगलं अर्धा घंटा येत व्हतं. मना वाटलं, वरती येक घर रंगवतात, त्याचा चुना आसंल. येऊ दिलं. चालणीपाशचं दार खाली सोडून पानी आडवायला पायजे व्हतं, न्हाय आडवलं. मंगलवारी टाकी बघितली आन् मना कळलं. पन सांगायची हिंमत जाली न्हाय. दोन वरसांनी कामातनं सुटनार मी, आता या वयात कोन..."

मनालीने त्यांचा खांदा धरला.

"काका, तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं पाण्यात काय आहे त्याचं? चला. कुठून आलं ते बघू."

चुन्याने टाकी मरते का याची तिला शंका होती, पण सुरुवात कुठूनतरी करायची होती. काकांनी लोखंडी आकडा घेतला. उताराच्या बाजूने सांडपाण्याची लाइन जिथून खाली येते, तिथून ते वर चढत गेले. दर चेंबरपाशी काका झाकण आकड्याने उचलायचे, बाजूला सरकवायचे, दोघं दूर उभं राहून वायू निघून जाऊ द्यायचे आणि मग वरूनच टॉर्च मारायचे. आत उतरायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या तीन चेंबरांत नेहमीचंच. चौथ्यात भिंतीला, पाण्याच्या पातळीच्या वर, पांढरट चिकट थर दिसला.

रंगकाम चाललेलं घर तिथून डावीकडे होतं. डावीकडून येणारा पाइप स्वच्छ होता. थर उजवीकडच्या पाइपात होता.

"उजवीकडे तर आपली आळी," मनाली म्हणाली.

काकांनी वाकून हुंगलं. "फिनेल," ते म्हणाले. "वास येतंय ना?"

तिला येत नव्हता. तिला तो वास गेली चार वर्षं येतच नव्हता. पण काकांनी नाव घेतलं आणि तिला घरामागची शेड आठवली. पुढची दोन झाकणं त्यांनी उघडली ती केवळ उघडायची म्हणून. शेवटचं झाकण तिच्या घरामागच्या शेडला लागून होतं, आणि त्याच्या कडेला वाळलेला पांढरा ओघळ होता.

शेडमध्ये चार बायका बाटल्यांना लेबलं लावत होत्या. कृष्णाबाई मधोमध पाटावर.

"आई, सोमवारी इथे काय ओतलं?"

सासूने मान वर केली. सुनेच्या मागे आकडा घेऊन उभे असलेले बाळाकाका त्यांनी पाहिले. "दोन डरम माल फुटला व्हता," त्या सरळ म्हणाल्या. "बोरिंगचं पानी वापरलं कुनीतरी, तेल वर आन् पानी खाली. विकायच्या लायकीचा न्हवता. मग ओतला. का?"

"दोन ड्रम म्हणजे दोनशे लिटर?"

"हां. फुकट घालवन्यापरीस गटार तरी साफ व्हईल म्हटलं. फिनेलच तर हाय. जंतू मरतात त्यानी."

मनाली त्यांच्यासमोर खाली बसली. मग तिने सांगितलं, सावकाश, जसं चांदणीला सांगितलं असतं. की खाली टाकीत जंतूच काम करतात. तेच घाण खातात. आपण हवा देऊन त्यांना पाळतो, जशा कोंबड्या पाळाव्यात. आणि दोनशे लिटर फिनेलने ते एका दुपारी मेले.

एका बाईच्या हातातलं लेबल बोटालाच चिकटून राहिलं.

"म्हंजी तो वास," कृष्णाबाई म्हणाल्या.

"हो."

"आन् मी तुलाच बोलत व्हते."

मनालीने मान हलवली. बाळाकाका उगाच आकड्याचं टोक न्याहाळत होते.

"आता काय? तुज्या सायबाला कळलं तर तुजी नोकरी..."

"सांगावं तर लागेलच. पण तुमचं नाव न घेता, घरगुती रसायन गेलं एवढं लिहिता येईल मला."

कृष्णाबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, हळू. लुगड्याचा काष्टा नीट केला. "लपवाछपवी नको. मी सांगते. ओतला मी, सांगनार पन मीच. फोन लाव."

कारण सापडलंय एवढंच फोनवर ऐकून योगेंद्र सर तासाभरात स्कूटरवरून आले. मनालीला वाटलं होतं, दंड, नोटीस, आरडाओरडा. कृष्णाबाईंनी उभ्याने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सर ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल होत गेला. शेवटी ते पाटावरच बसले.

"आजी, तुम्हाला कल्पना नाही मला किती बरं वाटलं," ते म्हणाले. "मला वाटत होतं वरती कुठेतरी लपून कारखाना चालतोय आणि रोज ॲसिड सोडतोय. तो सापडला नसता तर हे केंद्र बंदच करावं लागलं असतं. एकदाच झालंय ना हे? पुन्हा होणार नाही?"

"माज्या मरनापर्यंत न्हाय."

"मग झालं. खराब माल निघाला तर ड्रममध्येच ठेवा, आमची गाडी घेऊन जाईल. आणि एक लेखी नोटीस द्यावी लागेल गटाला, ती मात्र घ्या."

"द्या की. सही करते."

शुक्रवारी सकाळी टँकर आला. गावातल्या मोठ्या प्लांटमधला जिवंत गाळ, दहा हजार लिटर, घट्ट आणि काळपट तपकिरी. साहिल नावाचा ड्रायव्हर खाली उतरला, पाइप खांद्यावर घेऊन.

"मैडम, ये किधर डालने का?"

"बडी टंकी में. आरामसे, एकदम मत छोडना."

"इतना संभाल के तो मैं दूध भी नहीं लाता," तो हसत म्हणाला आणि व्हॉल्व्ह अर्धाच उघडला.

त्याआधी तिने आणि काकांनी टाकीतलं मेलेलं पाणी निम्म्याहून जास्त काढून टँकरने पाठवलं होतं. आता नवा गाळ पडत होता, ब्लोअर चालू होते, आणि वरून येणारं सांडपाणी ती अगदी थोडं थोडं सोडत होती. नव्या जिवांना पहिल्या दिवशी जड जेवण देऊन चालत नाही. काकांनी गूळ आणला होता, पातळ करून बादलीने टाकला. शनिवारी फेस कमी झाला. रविवारी वास गेला, निदान काका तरी तसं म्हणाले. सोमवारी सुट्टी असूनही मनाली आली. सिलिंडर भरला. अर्ध्या तासाने गाळ निम्म्यावर बसला होता आणि वरचं पाणी अजून धुरकट होतं. मंगळवारी ते थोडं निवळलं. बुधवारी सिलिंडरमधून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. तारखा नाही, पण महिन्याचं नाव वाचता आलं.

त्याच दुपारी कृष्णाबाई केंद्रात आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. सोबत डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. टाकीभोवती एक चक्कर मारून त्या म्हणाल्या, "इथे तुज्या सासऱ्याचा भात व्हता. बांध त्या तिकडनं जायचा." मग मनालीने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटून बघायला त्यांना जमेना, म्हणून तिने हाताने त्यांचा डावा डोळा झाकला.

"काय दिसतंय?"

"काय तरी डुलतंय गो." थोडा वेळ गेला. "ये जित्ते हायेत?"

"हो."

कृष्णाबाई बराच वेळ बघत बसल्या. मग मागे सरकल्या आणि काकांना म्हणाल्या, "बाला, भाकरी खा. गार व्हईल."

गुरुवारी सॅम्पल घेणारे आले, बाटल्या भरून, सील करून घेऊन गेले. रिपोर्टला तीन-चार दिवस लागतात. त्या दिवसांत मनालीने नाल्याचा व्हॉल्व्ह उघडला नाही. खात्री होती, तरी उघडला नाही.

सोमवारी ती चांदणीला घेऊन शांती नगरला बुटांच्या दुकानात गेली होती. पोरगी एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी उभी असताना फोन वाजला. सरांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"मॅडम, सगळे आकडे मर्यादेच्या आत! उघडा व्हॉल्व्ह!"

मनाली दुकानातल्या बाकावर बसली. फोन बंद केला आणि काकांना लावला. काका म्हणाले, "उघडतो. दोन हातांनी उघडतो." आणि ते हसायला लागले, तशी तीही हसायला लागली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

दुकानदार बुटाचा डबा हातात घेऊन बघत राहिला. "क्या हुआ, बहनजी? सब ठीक?"

"पास हो गया."

"अरे वा! कौन, बेटा?"

"पानी," मनाली म्हणाली.

त्याला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावून "मुबारक हो" म्हटलं. चांदणीने बूट घालून दुकानातच तीन उड्या मारल्या आणि हे घट्ट होतायत म्हणून सांगितलं. मनालीने एक नंबर मोठा मागितला.